स्वमग्नतेतला अतिभार आणि बर्नआउट

पुष्कळ स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींच्या मेंदूत आवाज, उजेड, वास, स्पर्श सगळे एकाच जोराने शिरते. समोरच्याचे शब्द तेवढे घ्यायचे आणि पंख्याची कुरकुर सोडून द्यायची, हे इतरांच्या बाबतीत आपसूक घडते. स्वमग्न व्यक्तीला ते प्रयत्नाने घडवावे लागते आणि त्यात तिची शक्ती खर्ची पडते. शक्ती संपली, पण बाहेरचा मारा थांबला नाही, की जे होते त्याला अतिभार म्हणतात. तो काही मिनिटांत किंवा तासांत चढतो आणि बहुधा काही तासांत उतरतो. असे अतिभार वर्षानुवर्षे साचत गेले, मध्ये उसंतच मिळाली नाही, तर माणूस महिनोन्‌महिने कोलमडतो. ही अवस्था बर्नआउटची. पहिल्या प्रकाराला लोक हट्ट समजतात, दुसऱ्याला आळस. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यांच्यामुळे उपाय उलटे होतात आणि भार उतरवायच्या जागी तो वाढवला जातो.

बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट अशा यंत्रांच्या आवाजाने भेदरणाऱ्या मुलांची नोंद आहे. म्हणजे गोष्ट पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती. तरीही संवेदनांच्या या तीव्रतेला निदानाच्या निकषांत जागा मिळायला २०१३ ची डीएसएम-५ ही मानसिक आजारांची निदानपुस्तिका यावी लागली. त्या निकषात उलट बाजूही आहे. काहींना संवेदना फार कमी जाणवतात. त्यांना झोके, दाब, उड्या हव्याशा वाटतात आणि तहान, भूक, लघवी किंवा दाढदुखी वेळेवर कळत नाही. एकाच मुलाला कुकरची शिट्टी असह्य व्हावी आणि गुडघा फुटलेला मात्र कळू नये, यात विसंगती काही नाही.

अतिभार कसा चढतो, हे पाहायला विदर्भातल्या शेगावच्या कुटुंबांना लांब जावे लागत नाही. माघ वद्य सप्तमीला श्री गजानन महाराजांच्या प्रकट दिनी सारे गाव माणसांनी भरून जाते. आठ-नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाची त्या दिवसाची वाट घरातच सुरू होते. नेहमीपेक्षा लवकर उठणे, मानेला टोचणारा नवा सदरा, नाश्त्याची चुकलेली वेळ, घरी उतरलेले पाहुणे. रस्त्यावर दिंड्यांचे टाळ-मृदंग आणि गाड्यांचे हॉर्न. मग चपला काढायच्या, अनवाणी पायाला लागणारी फरशी सोसायची. रांगेत मागच्याचा हात सारखा पाठीला लागतो, पुढच्या बाईच्या गजऱ्याचा वास नाकात बसतो, ध्वनिक्षेपकावर सूचना चालूच असतात. किती वेळ थांबायचे, हे कोणीच नेमके सांगत नाही. शेगाव संस्थानाची शिस्त महाराष्ट्रात नावाजलेली आहे. सेवाधारी ‘माऊली’ म्हणत हात जोडून रांग पुढे सरकवतात. या शिस्तीचा स्वमग्न मुलाला फायदाच होतो, कारण पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येतो. पण गर्दी ती गर्दीच. अखेर समाधीपाशी वडील त्याला उचलून घेतात आणि तो किंचाळतो, हातपाय झाडतो, आईला चावतो. बघणाऱ्यांना तेवढा शेवटचा क्षण दिसतो. “नुसतं उचललं तर एवढा तमाशा! लई लाडावलं पोट्टं,” असा शेरा पडतो. कारण मात्र दोन-तीन तास आधीपासून साचत आलेले असते.

उन्हाळ्यात साऱ्या वस्तीचे कूलर एकदम सुरू झाले की विजेची डीपी उडते. शेवटचा कूलर ज्याच्या घरचा, त्याला दोष देण्यात अर्थ नसतो. मुलाचेही तसेच. अतिभाराच्या या स्फोटाला मेल्टडाउन म्हणतात. हट्ट आणि मेल्टडाउन बाहेरून सारखे दिसतात, पण थोडे लक्ष दिले तर फरक कळतो. हट्ट करणारे मूल मधूनच डोळा उघडून आईकडे बघते. खेळणे हातात पडले, किंवा बघणारेच निघून गेले, की हट्ट संपतो. मेल्टडाउनमध्ये कोण बघते आहे याची शुद्ध नसते. मूल स्वतःलाही इजा करून घेते, मागितलेली वस्तू दिली तरी थांबत नाही आणि नंतर गळून जाते. पुष्कळांना झाल्या प्रकाराची लाजही वाटते. प्रौढांनाही मेल्टडाउन येतो. फरक एवढाच, की ते बहुधा बाथरूमची कडी लावून घेतात.

त्या क्षणी करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या सगळ्या घरच्यांच्या सवयीविरुद्ध जाणाऱ्या आहेत. पहिली म्हणजे बोलणे थांबवणे. ‘काय झालं? काय पाहिजे? इकडे बघ,’ हा प्रश्नांचा भडिमार म्हणजे आणखी आवाज. एकाच माणसाने जवळ राहावे, बाकीच्यांनी दूर व्हावे. शक्य असल्यास शांत, कमी उजेडाच्या जागी न्यावे. ते शक्य नसेल तर तिथेच बसू द्यावे आणि लोकांकडे पाठ करून आडोसा करावा. डोके आपटत असेल तर मध्ये उशी, पिशवी, नाहीतर स्वतःचा तळवा धरावा. हातपाय दाबून धरणे हा शेवटचा उपाय. मूल रस्त्यावर किंवा रुळांकडे धावत असेल तेवढ्यापुरताच तो करावा. पालथे पाडून पाठीवर भार तर कधीच देऊ नये, त्याने श्वास कोंडतो. काही मुलांना घट्ट मिठी हवी असते, काहींना बोटाचा स्पर्शही नको असतो. ते शांत दिवशी ठरवून ठेवावे. हात हलवणे, डोलणे, गुणगुणणे अडवू नये. शरीर त्याच मार्गाने स्वतःला सावरत असते. या वेळी मोबाइल काढून चित्रीकरण करणाऱ्याला मात्र खुशाल दटावावे. उद्रेक ओसरल्यावर पाणी, ओळखीचा पदार्थ आणि विश्रांती द्यावी. ‘सॉरी म्हण’ हा आग्रह त्या दिवशी नको. कारणांची चर्चा करायचीच असेल तर ती दुसऱ्या दिवशी, थोडक्यात.

काही जण फुटत नाहीत, ते विझतात. नजर एका जागी लागते, वाचा बंद होते, हाक मारली तरी उत्तर येत नाही. याला शटडाउन म्हणतात. अशी व्यक्ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. शाळेत तर ती ‘शहाणी’ ठरते. उपाय तोच: भार कमी करणे, वेळ देणे आणि बोलण्याची सक्ती न करणे. मान हलवून, लिहून किंवा मोबाइलवर टाइप करून दिलेले उत्तर पुरेसे मानावे.

प्रत्येक आवाज वैरी नसतो. काही मुले कूलरच्या एकसुरी घरघरीत गाढ झोपतात आणि तो बंद पडला की उठून बसतात. दिंडीतला टाळांचा ठेका काहींना सुखावतो, फटाका मात्र सोसत नाही. आवाज किती मोठा आहे याच्याइतकेच तो कधी येणार हे ठाऊक असणे आणि तो थांबवणे आपल्या हातात असणे महत्त्वाचे असते. म्हणून सण, लग्न, प्रवास टाळत बसण्यापेक्षा त्यांची आखणी करणे बरे. दर्शनाला जायचे तर सणवार आणि सुटीचे दिवस वगळून पहाटेची वेळ धरावी. आधी फोटो दाखवून क्रम सांगावा: चपला कुठे काढायच्या, रांग कुठून कुठे जाते, बाहेर कुठून पडायचे. कान झाकणारा हेडफोन, सवयीचा मऊ कपडा, हातात धरायची आवडती वस्तू सोबत घ्यावी. नको वाटले तर दारातून परत फिरायचे, हे घरातल्या मोठ्यांनी आधीच मान्य केलेले असावे. अर्ध्या वाटेवरून हसत परतलेले मूल पुढच्या वेळी पुन्हा यायला तयार होते. ओढत नेलेले मूल पुढे गावाच्या त्या टोकालाही फिरकत नाही.

बर्नआउटचा हिशेब वेगळा. त्याला मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत अजून स्वतंत्र स्थान नाही. नोकरीच्या ताणातून येणाऱ्या ज्या बर्नआउटची जागतिक आरोग्य संघटनेने नोंद घेतली आहे, तो निराळा. स्वमग्न प्रौढ आपल्या या अवस्थेबद्दल अनेक वर्षे बोलत होते. अमेरिकेतील संशोधक डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी त्यांच्याच अनुभवांवरून २०२० मध्ये तिची व्याख्या मांडली. तीत तीन खुणा आहेत: साधारण तीन महिने किंवा त्याहून जास्त टिकणारा थकवा, आधी येत असलेली कौशल्ये हातून निसटणे, आणि आवाज-उजेड-माणसे सोसण्याची ताकद घटणे. कारण म्हणून त्यांनी सततचा ताण आणि पुरेशा आधाराविना झेपण्यापलीकडच्या अपेक्षा यांकडे बोट दाखवले.

या खुणांपैकी दुसरीने कुटुंब सर्वात जास्त हादरते. दहा वर्षे स्वतःच्या हाताने जेवणारा मुलगा भरवायला लावतो. इंग्रजीत फाडफाड बोलणारी मुलगी मराठीतही दोन शब्दांवर येते. अंघोळ, केस विंचरणे, दुकानातून दूध आणणे ही रोजची कामे डोंगराएवढी होतात. पूर्वी चार-पाच पदार्थ खाणारा आता वरणभात आणि एका ठरावीक दुकानाची कचोरी एवढ्यावर येतो. ‘जमतंय, पण करत नाही,’ असे घरच्यांना वाटते, कारण जमलेले त्यांनी पाहिलेले असते. खरे तर त्या काळात ते जमतच नाही.

बर्नआउटमध्ये मोठी भर पडते ती स्वतःला झाकण्यातून. स्वमग्न मुले, त्यातही मुली, लवकरच शिकतात की डोलू नये, डोळ्यांत बघावे, इतर हसले की हसावे. ही नक्कल दिवसभर निभावली की घरी येऊन कोसळणे ठरलेले. ‘शाळेत तर चांगला असतो, घरीच नाटकं करतो,’ ही तक्रार प्रत्येक पालकसभेत ऐकू येते. घर ही सुरक्षित जागा असल्यामुळे तो तिथे सैल सोडतो, एवढाच त्याचा अर्थ. ‘आता अगदी नॉर्मल वाटतो हो,’ हे कौतुकही जपून करावे. त्याची किंमत बहुधा तो मुलगा मोजत असतो.

निदान न झालेल्या विवाहित स्त्रीची स्थिती अधिक कठीण. लग्नाआधी तिची एक खोली होती, ठरलेले ताट होते, रात्री पुस्तक होते. सासरी सकाळपासून फोडणीचा ठसका, दिवसभर टीव्ही, न सांगता येणारे पाहुणे, कार्यक्रमाला जरीची साडी, आणि दार लावून बसले की ‘तोंड फुगवलं’ हा ठपका. ती दोन-तीन वर्षे सगळे नीट करते. बाळंतपणानंतर झोप तुटते आणि सारेच हातातून सुटते. तिच्या कपाळी आळशी, घमेंडी नाहीतर ‘बाहेरचं काही’ असा शिक्का बसतो. अशा स्त्रीला आधी प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी तपासावे, कारण तो उपचाराने बरा होणारा आणि दुर्लक्षिल्यास जिवावर बेतणारा आजार आहे. पण उपचार चालू असूनही आवाज आणि माणसे सोसतच नसतील, आणि लहानपणापासून ‘एकलकोंडी, विचित्र, फार हळवी’ ही विशेषणे चिकटलेली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाने स्वमग्नतेचा विचार करायला हवा.

विद्यार्थ्यांत हा प्रकार बहुधा आठवी ते बारावीच्या दरम्यान दिसतो. प्राथमिक शाळेत एक वर्ग, एक बाई, एक बाक. नंतर विषयागणिक शिक्षक, शिकवणी, मित्रांचे गट, वयात येणारे शरीर आणि ‘दहावीचं वर्ष आहे’ हा घोष. जानेवारीत मुलगा दप्तर भरत नाही, फेब्रुवारीत गादीवरून उठत नाही. शिकवणीचे तास वाढवणे ही घरच्यांची पहिली धाव असते, आणि तीच सर्वात वाईट.

बर्नआउट ठरवण्याआधी शरीर तपासणे भाग आहे. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह यांनी असाच थकवा येतो. या प्राथमिक तपासण्यांसाठी मोठ्या शहरात धाव घेण्याची गरज नसते, गावातल्या डॉक्टरकडून त्या करून घेता येतात. दुखणे सांगता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत बद्धकोष्ठ, किडलेली दाढ, कान फुटणे, मूत्रमार्गाचा संसर्ग हे आधी पाहावे. अचानक वाढलेल्या मारहाणीमागे एक साधी दाढ निघाल्याचा अनुभव बालरोगतज्ज्ञांना नवा नाही. स्वमग्नतेसोबत फेफरेही पुष्कळांना असते, त्यामुळे शून्यात टक लावण्याचे झटके वारंवार येत असतील तर ईईजी या मेंदूच्या तपासणीचा विचार होतो. माणूस तासन्‌तास एकाच अवस्थेत गोठल्यासारखा राहू लागला, घास तोंडाशी नेता नेता थांबू लागला, तर तो कॅटॅटोनिया असू शकतो. त्यावर लवकर आणि नेमका उपचार लागतो. ‘थकला असेल’ म्हणून वाट पाहू नये.

नैराश्य आणि बर्नआउट यांची सरमिसळ नेहमीची, आणि दोन्ही एकत्रही असतात. ढोबळ फरक असा, की बर्नआउटमध्ये भार उतरला आणि आवडीचा विषय मिळाला तर डोळ्यांत चमक परत येते. मग ते रेल्वेचे वेळापत्रक असो, नाणी असोत की किडे. नैराश्यात आवडच मरते. नैराश्याच्या रुग्णाला ‘बाहेर पड, चार माणसांत मिसळ’ हा सल्ला पुष्कळदा लागू पडतो. बर्नआउटमध्ये तोच सल्ला जसाच्या तसा दिल्यास उलटू शकतो.

बरे होण्याचा रस्ता भार कमी करण्यातून जातो. बर्नआउटवर स्वतंत्र गोळी नाही. चिंता, नैराश्य, निद्रानाश सोबत असेल तर त्यावर औषधे देता येतात. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल ही टोकाच्या चिडचिडीसाठी आणि आक्रमकतेसाठी वापरली जातात, पण ती स्वमग्नता ‘घालवत’ नाहीत. घरी पहिल्या काही आठवड्यांत अत्यावश्यक सोडून बाकी सारे बाजूला ठेवावे. पाहुण्यांना नम्रपणे थोपवावे, थेरपीच्या वर्गांनाही विश्रांती द्यावी, शाळा अर्धवेळ करता येते का ते विचारावे. दिवसाचा ठरावीक क्रम मात्र मोडू नये. झोपेची वेळ, जेवणाची वेळ आणि एक शांत कोपरा या तीन गोष्टी सांभाळल्या तरी बरेच साधते. कोपऱ्यासाठी वेगळी खोली नसली तरी चालते, पलंग आणि कपाट यांच्यामधली पडदा लावलेली जागा पुरते. आवडीच्या विषयात तासन्‌तास रमणे हे व्यसन समजून तोडू नये. कामे परत सुरू करताना एका वेळी एकच घ्यावे, आणि थकव्याची पहिली खूण दिसताच थांबावे. सुधारणा महिन्यांत मोजायची असते. मध्येच चार चांगले दिवस आले म्हणून सगळे पूर्ववत केले की घसरण ठरलेली.

विदर्भाच्या उन्हाळ्याचा उल्लेख इथे वेगळा करावा लागतो. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ज्यांना तहान कळत नाही त्यांना उष्माघाताचा धोका जास्त, आणि रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता आणखी कमी होऊ शकते. ‘तहान लागली की पी’ असे सांगून भागत नाही. घड्याळाच्या काट्यावर पाणी, ताक किंवा सरबत द्यावे. औषध स्वतःहून बंद करू नये, मे महिन्यातल्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारावे.

नजर काढणे, नवस यांनी कुणाच्या मनाला धीर मिळत असेल तर तो मिळू द्यावा, पण त्यासाठी मुलाला गर्दीत, धुरात, उपाशी बसवू नये. शरीरातले ‘धातू काढण्याची’ चिलेशन औषधे जीवघेणी ठरू शकतात. स्टेम सेलच्या महागड्या उपचाराला पुरेसा पुरावा नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने स्वमग्नता येत नाही, हे लाखो मुलांच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे.

आई-वडिलांच्या, त्यातही आईच्या थकव्याकडे डॉक्टरांनीही डोळेझाक करू नये. रात्र रात्र जागणारी आई स्वतः अतिभारात असताना शांत राहू शकत नाही. आठवड्यातून एक दुपार आजी, काका किंवा शेजारच्या काकूंनी मुलाजवळ बसणे, हा उपचाराचाच भाग धरावा.

कायद्याने मिळणारा आधार पुष्कळ कुटुंबे लाजेपोटी घेत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता येते. भारतात तिच्यामुळे येणाऱ्या दिव्यांगत्वाचे प्रमाण आयएसएए या मोजपट्टीने ठरवतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्यानंतर अधिकृत रुग्णालयातील तपासणीने मिळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार चालणाऱ्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत ज्यादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत आणि वेळेत करावा लागतो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांशी बोलावे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. शेगाव परिसरातल्या प्रौढांसाठी जिल्हा रुग्णालयाचा किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग जवळचा.

मरणाची भाषा, स्वतःला गंभीर इजा, चोवीस तास अन्नपाणी बंद, प्रथमच आलेला झटका, ताप असताना बदललेले वर्तन, कडक उन्हात अंग तापून भ्रम होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्वमग्न प्रौढांत आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि तो शांत चेहऱ्यामागे दडलेला असू शकतो. म्हणून ‘जगावंसं वाटत नाही का?’ असा थेट प्रश्न विचारावा. विचारल्याने धोका वाढत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा, आणि रुग्ण स्वमग्न आहे, त्याला आवाज सोसत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.